ओहम ते अंश : किल्लारीच्या जमिनीखालची ऊब कशी मोजतात?

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून निजलेली औसा आणि उमरगा तालुक्यांतील गावे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ढिगाऱ्यांखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. किल्लारी आणि सास्तूर ही नावे त्या दिवसापासून सर्वांच्या ओठी आली. भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात लातूरचा हा भाग सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होता. त्यामुळे लोकांइतकाच शास्त्रज्ञांनाही धक्का बसला आणि एरवी पुस्तकात राहिले असते असे प्रश्न एकाएकी निकडीचे झाले. त्यांपैकी एक प्रश्न उष्णतेचा होता. किल्लारीखालची जमीन इतर ठिकाणांपेक्षा गरम आहे काय?

प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नव्हता. बहुतेक मराठवाडा पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर उभे आहे. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला उनकेश्वरला आजही जमिनीतून गरम पाणी येते. तेव्हा जमिनीच्या पोटात कुठे तरी आग असेल आणि तिनेच हा घात केला असेल, असे वाटणे स्वाभाविक होते. कवचातील खडक किती तापलेला आहे यावर तो किती खोलीपर्यंत ठिसूळ राहील, म्हणजे तडकेल की नुसता दबेल, हेही ठरते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने भूकंपानंतर किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल विंधनविवर घेतले. वरचा ३३८ मीटरचा भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. त्याखाली ८ मीटरचा गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन स्फटिकी खडक. या विवरातून मिळालेल्या माहितीत खोलीगणिक तापमानाची नोंदही होती.

मात्र तापमान कोणी डोळ्यांनी पाहत नाही. शेकडो मीटर खोल, पाण्याने भरलेल्या अरुंद विवरात काचेचा तापमापक सोडून तो वाचता येत नाही. अशा मोजणीत लांब केबलच्या टोकाशी एक इवलासा विद्युत रोधक बांधून तो खाली सोडतात आणि वर बसलेला माणूस त्याचा रोध वाचतो. त्याच्या हाती येतात ते ओहम. ओहमवरून अंश काढायचे तर तापमानासरशी रोध नेमका कसा बदलतो याचे गणिती प्रतिमान हवे. ते चुकले तर रोधक कितीही चांगला असो, थंड जमीन गरम ठरू शकते. किती, ते पुढे आकड्यांनिशी पाहू. आधी रोध मुळात बदलतो का, हे पाहायला हवे.

तांबे, अॅल्युमिनियम, टंगस्टन यांसारख्या धातूंत वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन मुबलक आणि मोकळे असतात. तापमान वाढले की अणू आपापल्या जागी अधिक जोराने थरथरू लागतात आणि इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अधिक आडवे येतात. गणेशोत्सवाच्या गर्दीतून वाट काढणाऱ्याची जी गत होते तीच त्यांची. रोध वाढतो. तांब्याच्या बाबतीत ही वाढ दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के आहे. नांदेडच्या हिवाळ्यात १२ अंशांना जी तार १०० ओहमची असते ती उन्हाळ्यात ४४ अंशांना ११३ ओहमच्या घरात जाते. जुन्या शंभर वॅटच्या पिवळ्या दिव्यात तर हा प्रकार टोकाला गेलेला असे. पेटलेल्या दिव्याची टंगस्टन तार ५०० ओहमच्या वर असते आणि तीच तार थंड असताना जेमतेम ३५ ते ४० ओहम. बटण दाबताच पहिल्या क्षणी कित्येक पट प्रवाह धावून जाई. दिवे लावतानाच ‘उडतात’ हा घरोघरचा अनुभव होता, त्याचे कारण हेच.

अर्धवाहकांची तऱ्हा उलटी. तेथे मोकळे वाहकच थोडे. उष्णता मिळाली की अडकलेले वाहक सुटे होतात आणि रोध घटतो. मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये हे प्रथम पाहिले. तापवल्यावर वीज अधिक सुलभतेने वाहते, हे त्या काळच्या समजुतीला धरून नव्हते. पुढे शंभरेक वर्षांनी मँगेनीज, निकेल, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडांपासून थर्मिस्टर बनू लागले, ते याच गुणावर उभे आहेत.

रेडिओ किंवा वजनकाटा बनवणाऱ्याच्या दृष्टीने रोधकाचा हा चंचलपणा म्हणजे डोकेदुखी. म्हणून मँगॅनिन, कॉन्स्टंटन असे मिश्रधातू शोधले गेले, ज्यांचा रोध तापमानाने जवळजवळ ढळत नाही. तापमान मोजू पाहणाऱ्याला मात्र हा दोषच हवा असतो. त्याची अट एवढीच की तो दोष दर वेळी एकाच रीतीने घडावा आणि ती रीत कागदावर मांडता यावी.

सगळ्यांत सोपी मांडणी म्हणजे सरळ रेषा. तापमान जेवढे वाढले त्याच्या प्रमाणात रोध वाढला, बस्स. ही रेषा किती कामाची आहे, हे पाहायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. लातूर काय, नांदेड काय, ‘मोटर जळाली’ हे दोन शब्द ऐकले नाहीत असा शेतकरी सापडायचा नाही. रिवाइंडिंगच्या दुकानांबाहेर काळवंडलेल्या तारांचे ढीग पडलेले दिसतात. रोहित्रावर भार वाढला की शेवटच्या टोकाला दाब घसरतो. तेवढेच पाणी खेचण्यासाठी मोटर अधिक प्रवाह घेते आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात तार तापते. तापलेल्या तारेचा रोध वाढतो, म्हणून त्याच प्रवाहाने ती आणखी तापते. मोटरच्या आत तापमापक नसतो. तरीही वाइंडिंग किती तापले ते कळू शकते, कारण वाइंडिंग स्वतःच तापमापक आहे.

समजा, सकाळी ३० अंशांना विहिरीवरच्या मोटरच्या एका वाइंडिंगचा रोध ४ ओहम भरला आणि दोन-तीन तास चालवून बंद करताच तो ५.२ ओहम निघाला. तांब्याची रेषा मागे वाढवली तर ती उणे २३४.५ अंशांवर शून्याला टेकते. म्हणून ३० मध्ये २३४.५ मिळवायचे, येणाऱ्या २६४.५ ला ५.२ भागिले ४, म्हणजे १.३ ने गुणायचे आणि २३४.५ पुन्हा वजा करायचे. उत्तर येते सुमारे १०९ अंश. ‘बी’ वर्गाच्या वेष्टनाची मर्यादा १३० अंशांची. म्हणजे मोटर अद्याप सुरक्षित आहे, पण १०९ ही सरासरी झाली. आतला सर्वांत तापलेला वेढा त्याहून काही अंश वर असणार. भर उन्हात भोवतालचा पारा ३० ऐवजी ४२ वर असेल तर उरलेली जागाही झपाट्याने संपते. मर्यादेपलीकडे दर दहा अंशांना वेष्टनाचे आयुष्य निम्मे होते, असा कारागिरांचा आणि अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

गंमत अशी की उणे २३४.५ अंशांना तांब्याचा रोध खरोखर शून्य होत नाही. त्या थंडीत रेषा वाकते आणि रोध थोडाफार उरतोच. म्हणजे ज्या बिंदूवर सगळा हिशेब टांगला आहे तो बिंदू काल्पनिक आहे! तरीही ३० ते १३० अंशांच्या पट्ट्यात तीच रेषा बिनधोक चालते. प्रतिमान खरे आहे की खोटे यापेक्षा ते कुठून कुठपर्यंत चालते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा. प्रत्यक्षात या हिशेबातली मोठी चूक रेषेची नसतेच. ती असते सुरुवातीच्या तापमानाची. सकाळी मोटर खरोखर ३० अंशांना असताना २५ धरले तर उत्तर सहा-साडेसहा अंशांनी खाली येते. उन्हात पडलेल्या मोटरचे लोखंडी कवच हवेपेक्षा कितीतरी गरम असते, पण हवेचाच आकडा धरून मोकळे होण्याची सवय सार्वत्रिक आहे.

मोटरला दोन-चार अंशांची चूक परवडते. हवामानाच्या नोंदीला परवडत नाही. नांदेडजवळच्या अर्धापूरचा परिसर केळीसाठी प्रसिद्ध. केळीसारख्या फळपिकांच्या हवामानाधारित विम्यात नुकसान शेतात येऊन मोजले जात नाही. तापमान ठरलेल्या मर्यादेखाली किंवा मर्यादेवर सलग ठरावीक दिवस राहिले की भरपाई देय ठरते. ही नोंद होते स्वयंचलित हवामान केंद्रांत. राज्यात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली. पांढऱ्या तबकड्यांच्या छत्रीखाली जो संवेदक दडलेला असतो तो साधारणतः प्लॅटिनमचा नाही तर थर्मिस्टरचा, म्हणजे पुन्हा रोधकच.

प्लॅटिनमच्या तारेने तापमान मोजण्याची कल्पना विल्यम सीमेन्स यांनी १८७१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडली. त्यांच्या तापमापकांचे आकडे मात्र वापरानंतर सरकू लागले आणि विद्वानांचा विश्वास उडाला. केंब्रिजच्या ह्यू कॅलेंडर यांनी १८८७ मध्ये दाखवून दिले की दोष प्लॅटिनमचा नाही. तार शुद्ध असेल, तिच्यावर ताण नसेल, तर तिच्यासारखी इमानी तार दुसरी नाही. फक्त तिच्या रेषेला किंचित बाक आहे, तो समीकरणात घ्यावा लागेल. म्हणून प्लॅटिनमच्या सूत्रात तापमानाच्या वर्गाचे एक छोटे उणे पद येते. ते न घेतल्यास काय होते? शून्य अंशाला १०० ओहम आणि शंभर अंशांना १३८.५ ओहम असणाऱ्या नेहमीच्या प्लॅटिनम रोधकासाठी नुसती सरळ रेषा वापरली, तर खरे तापमान ४४ असताना उत्तर ४४.४ येते, ८ असताना ८.१. वरकरणी क्षुल्लक, पण समजा भरपाईची मर्यादा आठ अंशांची आहे, तर आठ आणि आठ पूर्णांक एक दशांश यांच्यामध्ये बागायतदाराचा एक हंगाम उभा असतो. आजच्या नोंदयंत्रांत हे वर्गपद मुळातच बसवलेले असते, तेव्हा खरी भीती त्याची नाही. भीती तारांची. प्लॅटिनमचा रोध अंशाला जेमतेम ०.३९ ओहमने बदलतो. दहा मीटर लांबीची बारीक तांब्याची तार जाऊन-येऊन दीड-पावणेदोन ओहम सहज घालते. दोनच तारांनी जोडणी केली तर तापमान चार-साडेचार अंशांनी चढेच दिसणार. त्यावर उपाय म्हणून तीन किंवा चार तारांची जोडणी असते : दोन तारांनी प्रवाह सोडायचा, उरलेल्या दोहोंनी केवळ दाब मोजायचा. त्या दोन तारांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नसल्याने त्यांचा रोध हिशेबात येत नाही.

आता विवराकडे वळू. तेथे तार दहा मीटरची नाही, सहाशे मीटरची आहे. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची जोडतार धरली तरी जाऊन-येऊन ४१ ओहम होतात. प्लॅटिनमच्या शंभर ओहमी रोधकाला दोनच तारांनी जोडून ही मोजणी केली तर चूक शंभर अंशांच्या वर! शिवाय केबल जसजशी खोल जाते तसतशी तीही तापते, म्हणून हे ४१ ओहमही स्थिर राहत नाहीत. थर्मिस्टरचे मोल येथे कळते. २५ अंशांना १० हजार ओहमचा नमुनेदार थर्मिस्टर घेतला तर एका अंशात त्याचा रोध चारशेहून अधिक ओहमने पडतो. केबलचे ४१ ओहम त्याला अंशाच्या दशांशाएवढेच फसवू शकतात आणि चार तारांची जोडणी तेही पुसून टाकते. एक शतांश अंश म्हणजे तब्बल चार ओहम. साध्या चांगल्या मीटरवर सहज दिसतील एवढे.

एवढ्या सूक्ष्मतेची गरज काय? जमिनीखाली तापमान खोलीबरोबर फार हळू वाढते. बेसाल्टसारख्या खडकात किलोमीटरला पंचवीस अंशांच्या आसपास, म्हणजे दहा मीटरला पाव अंश. स्फटिकी खडकात त्याहून कमी. दर काही मीटरला तापमान किती बदलले हेच पाहायचे असेल तर दशांश अंश पुरत नाही.

थर्मिस्टरला मात्र सरळ रेषा मुळीच मानवत नाही. तो वक्र आहे, आणि चांगलाच वक्र. वर सांगितलेला थर्मिस्टर २५ अंशांना १० हजार ओहम, तर ५० अंशांना सुमारे ३६०० ओहम दाखवतो. या दोन बिंदूंमध्ये पट्टी ठेवून रेषा ओढली तर मधोमध, साडेसदतीस अंशांना, उत्तर एक्केचाळीस अंश येते. साडेतीन अंशांची चूक! महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी याच्यापुढची पायरी शिकतात : रोधाचे लॉगरिदम आणि निरपेक्ष तापमानाचा व्यस्त यांचा आलेख काढायचा. तो डोळ्यांना सरळ दिसतो. त्याच्या चढावरून ‘बीटा’ हा स्थिरांक मिळतो. त्याच दोन बिंदूंवर बेतलेल्या बीटाच्या सूत्राने मधली चूक साडेतीन अंशांवरून पाच-सहा शतांश अंशांवर येते. पण त्या दोन बिंदूंच्या बाहेर गेले की सूत्र पुन्हा भरकटते. शून्य अंशाला ते जवळपास अर्ध्या अंशाने चुकते. बीटा हा स्थिरांक म्हणवतो खरा, पण तापमानाबरोबर तोही हळूहळू सरकत असतो.

ही उरलेली चूक घालवणारे समीकरण ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते जॉन स्टाइनहार्ट आणि स्टॅनली हार्ट हे दोघे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते नव्हते. ते अमेरिकेतील कार्नेगी संस्थेत पृथ्वीविज्ञानाचे काम करीत होते आणि सुपिरिअर सरोवराच्या तळातून वर येणारी पृथ्वीची उष्णता मोजण्याच्या खटपटीत होते. १९६८ मध्ये ‘डीप-सी रिसर्च’ या नियतकालिकात त्यांनी थर्मिस्टरच्या वक्रांवर लेख लिहिला. निरपेक्ष तापमानाचा व्यस्त घ्यायचा आणि तो तीन पदांच्या बेरजेने मांडायचा : एक स्थिरांक, दुसरे पद रोधाच्या लॉगरिदमच्या पटीत, तिसरे त्या लॉगरिदमच्या घनाच्या पटीत. मधले वर्गाचे पद त्यांनी वगळले, कारण ते नसल्याने बिघडत नाही असे त्यांना आढळले. यामागे अणूंचे कोणतेही गूढ तत्त्व नाही. आकड्यांना चपखल बसते म्हणून हे सूत्र घेतले गेले. तीन माहीत तापमानांना रोध मोजला की तीनही स्थिरांक हाती येतात आणि मधल्या पट्ट्यात चूक शतांश अंशाच्या आसपासच राहते. आज तापाच्या डिजिटल तापमापकापासून वातानुकूलन यंत्रापर्यंत थर्मिस्टर सर्वत्र आहे आणि अचूकता हवी तेथे हेच सूत्र वापरले जाते. त्याचा जन्म मात्र जमिनीची ऊब मोजणाऱ्यांच्या गरजेतून झाला, हे फारसे सांगितले जात नाही.

किल्लारीच्या विवराच्या बाबतीत हे प्रतिमान काय बदलते, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. जमिनीतून वर येणारा उष्णताप्रवाह काढायचा तर खोलीगणिक तापमानवाढीला खडकाच्या उष्णतावाहकतेने गुणायचे. बेसाल्टची वाहकता कमी, खालच्या स्फटिकी खडकाची जास्त. घोंगडीतून ऊब लवकर निसटत नाही, तसेच. त्यामुळे उष्णता वर-खाली सारखीच वाहत असली तरी बेसाल्टमध्ये तापमान भराभर आणि खाली सावकाश वाढते. अशा खडकांना साजेसे आकडे घेऊ : बेसाल्टमध्ये किलोमीटरला २५ अंश आणि वाहकता १.७, खाली सुमारे १५ अंश आणि वाहकता २.८. दोन्ही गुणाकार ४३ च्या घरात येतात. वरचा थर आणि खालचा थर एकच गोष्ट सांगतात : प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे ४३ मिलिवॅट उष्णता संथपणे वर येत आहे.

आता हेच विवर आणि हाच थर्मिस्टर, पण ओहमचे अंश करताना २५ ते ५० मधली ती सरळ रेषा वापरली, असे समजा. २८ अंशांचे पाणी ३० च्या जवळ दिसेल, हे एक. त्याहून वाईट म्हणजे वरच्या थरातील वाढ किलोमीटरला ३० अंशांच्या पुढे फुगेल आणि खालची १४ च्या खाली आक्रसेल. उष्णताप्रवाह बेसाल्टमध्ये ५२ आणि त्याखाली ३८ निघेल. जमिनीत उष्णता अशी आपोआप वाढत नाही. तेव्हा हा फरक पाहून कोणीही म्हणेल की मध्ये कुठून तरी गरम पाणी शिरते आहे, किंवा वरच्या थरात उष्णतेचा वेगळा साठा आहे. नुकत्याच उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशात असा निष्कर्ष किती वेगाने पसरला असता, ते सांगायला नको. आणि त्याचे मूळ जमिनीत नसून कागदावर ओढलेल्या एका रेषेत असते.

बीटाचे सूत्र वापरले असते तर? प्रामाणिकपणे सांगायचे तर एकूण उष्णताप्रवाहात फार फरक पडला नसता. टक्क्याच्या आसपासचीच चूक. स्टाइनहार्ट आणि हार्ट यांच्या सूत्राचा उपयोग बारीक गोष्टींसाठी. खडकाच्या एखाद्या भेगेतून पाणी झिरपत असेल तर त्या खोलीवर तापमानाची रेघ किंचित वाकते आणि असा बाक कित्येकदा काही शतांश अंशांचाच असतो. तो बाक जमिनीचा की सूत्राचा, हे सांगता आले पाहिजे.

राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेच्या मोजणीतून किल्लारीचा उष्णताप्रवाह सुमारे ४३ मिलिवॅट निघाला. शंभर चौरस मीटरच्या अख्ख्या भूखंडातून मिळून जेमतेम सव्वाचार वॅट, एखाद्या छोट्या एलईडी दिव्याइतके. जगातील खंडांच्या सरासरीहून हा आकडा बराच कमी आहे आणि दक्षिण भारतातील प्राचीन खडकांच्या प्रदेशात मोजलेल्या आकड्यांच्याच पंक्तीत बसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची ऊब केव्हाच विरून गेली आहे. किल्लारीखाली आग नाही. तेथले कवच थंड आहे आणि थंड म्हणूनच खोलवर ठिसूळ आहे. भूकंप का झाला याचे संपूर्ण उत्तर यातून मिळत नाही. खोलवरच्या भेगांतील द्रवाच्या भूमिकेविषयी अभ्यासकांनी वेगळे पुरावे मांडले आहेत. पण एक मोठी शंका या मोजणीने फेटाळली. उनकेश्वरच्या गरम पाण्याचेही कोडे त्यामुळे वाढत नाही : पावसाचे पाणी भेगांतून पुरेसे खोल उतरले आणि वेगाने परत वर आले तर थंड कवचातूनही ते तापून येते.

अशा मोजणीत विवर खोदल्यावर लगेच रोधक सोडून चालत नाही. खोदताना वापरलेले पाणी आणि घर्षण यांनी भोवतालच्या खडकाचे तापमान ढळलेले असते. ते पूर्ववत होण्यासाठी बराच काळ थांबावे लागते. थर्मिस्टरचेही वय होते. ऑक्साइडचा तो मणी काळाबरोबर किंचित बदलतो, पाण्याच्या दाबाखाली त्याच्या आवरणात ओल शिरू शकते आणि मग वर्षापूर्वी काढलेले तीन स्थिरांक त्याला लागू पडत नाहीत. म्हणून खाली सोडण्यापूर्वी तो प्रमाणित तापमापकाशेजारी स्थिर तापमानाच्या पाण्यात बुडवून पारखतात आणि वर काढल्यावर पुन्हा त्याच पाण्यात बुडवतात. दोन्ही वेळचे ओहम जुळले तरच मधल्या सहाशे मीटरांच्या नोंदी ग्राह्य धरल्या जातात.